पाण्याला बोल लावू नका

मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा कोल्हापूरबाहेर जमत नाही, त्याला पंचगंगेचंच पाणी लागतं, हे आपल्याकडं ठासून सांगितलं जातं. इथं लंडनमधले आम्ही कोल्हापूरकरही तेच धरून बसतो आणि रस्सा बिघडला की पाण्यावर खापर फोडून मोकळे होतो. पण 2023 च्या दिवाळीपासून कोल्हापुरात काळम्मावाडीचं, म्हणजे दूधगंगेचं पाणी थेट पाइपलाइननं येतंय. त्यानंतर रश्शाची चव उतरली, असं कुठल्या पेठेत कुणी म्हटलं?

बिघडते ती तांबड्यात पडणारी कांदा-लसूण चटणी. अर्धा किलो मिरचीला (ब्याडगी आणि संकेश्वरी निम्मी-निम्मी) पाव किलो कांदा, आणि लसूण, सुकं खोबरं, धणे, खडे मीठ प्रत्येकी सव्वाशे ग्रॅम, तीळ पन्नास ग्रॅम, वर गरम मसाला. कोल्हापुरात चैत्राच्या उन्हात गच्चीवर कांद्याचे काप दोन दिवसांत खडखडीत वाळतात. इथं तसं ऊन नाही, म्हणून लोक ओलाच कांदा तळतात. तो बाहेरून करपतो, आत दमट राहतो, आणि महिन्याभरात बरणीला बुरशी धरते. त्यापेक्षा काप ओव्हनमध्ये 70 अंशांवर, दार बोटभर उघडं ठेवून सहा-सात तास वाळवावेत आणि मग तळावेत. मिरची परसात भाजावी, नाहीतर धुराचा अलार्म अख्खी इमारत खाली उतरवतो. डंकावर कुटताना माल फारसा तापत नाही. मिक्सर सलग फिरवला तर खोबरं तेल सोडतं आणि चटणीचा गोळा होतो. दहा-दहा सेकंदच फिरवावा, मध्ये थांबावं.

पांढऱ्याची गोष्ट वेगळी, तिथं अडतं ते खसखशीवर. युरोपात बहुतेक दुकानांत मिळणारी खसखस निळसर काळी असते. ती वाटली की पांढरा रस्सा राखाडी होतो आणि खाणारा ताटाकडं संशयानं बघतो. किलोभर मटणाला दोन चमचे पांढरे तीळ, पंधरा काजू आणि चमचाभर मगज (सोललेल्या कलिंगड-खरबुजाच्या बिया) तासभर भिजवून वाटलं की काम भागतं. डब्यातलं नारळाचं दूध अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, शेवटी घालावं आणि उकळी येऊ देऊ नये, नाहीतर रस्सा फुटतो. दुबईला राहणाऱ्यांनी खसखशीचा विचारही करू नये, तिकडं ती आणायलाच बंदी आहे. मटणाचं म्हणाल तर इथल्या सुपरमार्केटात बहुतेक मेंढरूच मिळतं, त्याच्या चरबीचा वास मसाल्याला पुरून उरतो. हलाल दुकानात बोकडाचा खांदा आणि नळी मागून घ्यावी.

पाण्याचा दोष खरा आहे तो मिसळीत. लंडनचं पाणी जड, त्यात कॅल्शियम भरपूर, त्यामुळं मटकी-वाटाण्याची सालं लवकर मऊ होत नाहीत. भिजवताना पाव चमचा खायचा सोडा घालावा. थंडीत मोड येण्याआधीच मटकी आंबते. फडक्यात बांधून बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावी. पाव शोधत फिरायची गरज नाही, कोल्हापुरी मिसळीला स्लाइस ब्रेडच लागतो.

एवढं केलं की जिभेची निम्मी तक्रार मिटते. उरतो तो गंगावेशीचा दूध कट्टा. डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून दिलेला पेला इथं मिळणं नाही, इंग्लंडमध्ये कच्चं दूध दुकानात विकायलाच मनाई आहे, शेतकऱ्याकडून थेट घ्यावं लागतं. क्षयाचे आणि इतर रोगांचे जंतू कच्च्या दुधातून येतात, तेव्हा नियम शहाणाच आहे. तरी तो कट्टा हवा, हेही तितकंच खरं. घरून आणायची सोय नाही, कारण भारतातून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. पेढ्याचा बॉक्स विमानतळावरच जातो.

राहिली पंचगंगा. रश्शातून ती सुटली, प्रदूषणाच्या वादातून नाही. मेलेले मासे, जलपर्णी, मोर्चा, पंचनामा, आणि पुढल्या उन्हाळ्यात परत तेच. अशा वेळी परदेशातल्यांनी ‘आमच्याकडं बघा’ म्हणू नये. 1957 मध्ये थेम्स नदी मेल्याचं जाहीर झालं होतं. पुढं मासे परतले, तरी जोराच्या पावसात मैलापाणी अजून नदीत सुटतंच. ते अडवायला 25 किलोमीटरचा बोगदा खणला, तो 2025 मध्ये पूर्ण जोडला गेला, आणि तरी लोक चिडलेलेच आहेत. फरक इतकाच की इथं कुठल्या गटाराच्या तोंडातून आत्ता नदीत मैला सुटतोय, ते नकाशावर जवळपास त्याच वेळी दिसतं. ही माहिती देणं पाणी कंपन्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडं वादात निम्मा वेळ जातो तो मैला महापालिकेचा की कारखान्यांचा, की वरच्या गावांचा, यातच. कोल्हापूरचं सांडपाणी पंचगंगेत नेणाऱ्या जयंती आणि दुधाळी नाल्याच्या तोंडाशी मोजणी यंत्र बसवून त्याचे आकडे रोज लोकांना दिसले, तर निदान त्या दोन नाल्यांपुरतं तरी भांडण आकड्यांवर येईल.