‘शेवटची दहा मिनिटे आवराआवरीत जातात’ या अभिप्रायाला उत्तर

सस्नेह नमस्कार.

नाशिकरोड येथील आमच्या दहावी गणिताच्या वर्गात शेवटची दहा मिनिटे आवराआवरीत जातात, मुलांना बाक हलवू देत नाहीत, निम्मा फळा वापरतच नाहीत आणि स्वतःची जागा नसलेल्या क्लासकडून यापेक्षा वेगळे काय मिळणार, असे आपण लिहिले आहे. इतर पालकही हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा वर्ग भरतो ती खोली शाळेची आहे. दुपारचे सत्र सुटल्यावर ती आम्हाला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे शाळेची मुले बसतात. फळ्यावर वर्गशिक्षिकेने लिहिलेला सुविचार असतो, कोपऱ्यात पट आणि हजेरी असते आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच्या पाठासाठी चौकट आखून, ‘पुसू नये’ असे लिहून ठेवलेली एखादी आकृतीही असते. तिला आम्ही हात लावत नाही. भूमितीच्या रचनांना उरलेली जागा कमी पडली, तर आमचा गुंडाळीफळा खिळ्याला अडकवतो. खडू आणि डस्टरही आमचेच असतात. आम्ही लिहिलेला भाग मात्र ओल्या फडक्याने रात्रीच पुसतो, कारण ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही आणि सकाळच्या पहिल्या तासाच्या बाईंना तो वाळण्याची वाट पाहावी लागू नये.

बाकांबाबत आम्ही अधिक कडक आहोत, हे खरे आहे. परीक्षेच्या दिवसांत प्रत्येक बाकावर आसनक्रमांक लिहिलेला किंवा चिकटवलेला असतो. एक बाक दुसऱ्या रांगेत गेला, तर ऐन पेपरच्या वेळी एखादे मूल आपली जागा शोधत फिरते. ही सवय फक्त परीक्षेपुरती लागत नाही, म्हणून नियम वर्षभर पाळतो.

मुलांकडून झाडलोट करून घेतली जात नाही. त्यासाठी आमच्या मावशी आहेत. मुलांनी आपल्या बाकातील कागद उचलावेत, पंखे-दिवे बंद करावेत, एवढेच आम्ही सांगतो. वर्गाची वेळ ६ ते ७.३० असली, तरी शिकवणे ७.२० पर्यंत चालते, हे प्रवेशअर्जावर छापलेले आहे.

जागेच्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणेन, की १९८९ साली स्थापन झालेल्या आणि मुख्यालय आपल्या नाशिकमध्येच असलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रेही इतर महाविद्यालयांच्या वर्गांत चालतात. दुसऱ्याच्या वर्गात शिकवण्यात कमीपणा नाही, असे मी मनापासून मानतो. तो वर्ग विस्कटून जाण्यात आहे.

आवराआवरीमुळे आपल्या पाल्याची सिटीलिंक बस चुकत असेल, तर कृपया वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्यावी, त्याला ७.२० लाच सोडले जाईल. पद्धत मात्र आम्ही बदलणार नाही.

— संचालक