चालायचं, पण कोणासमोर?

चालायला सुरुवात करणार असाल तर एक पथ्य आधीच सांगतो: गरज म्हणून चालू नका. बस चुकली, रिक्षावाला नाही म्हणाला, म्हणून जो चालतो तो पादचारी. त्याला सगळे हॉर्न देतात. तेवढंच अंतर महागडे बूट घालून कापलंत की तो 'वॉक'. वॉकवाल्याला घरी विचारतात, "आज किती झालं?" पादचाऱ्याला विचारतात, "इतका उशीर?"

म्हणून आधी घड्याळ घ्या, पाय नंतर हलवा. रोज दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या वैद्यानं घालून दिलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नाव ठेवलं 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव कानाला बरं वाटलं, आकडा जगभर चालला. पुढे २०१९ मध्ये वयस्क स्त्रियांच्या एका अमेरिकन अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबतो असं दिसलं. पण असलं काही वाचू नका, घड्याळाला वाईट वाटतं. रात्री पावणेबाराला नऊ हजार सातशेवर अडकलात तर पलंगाच्या कडेला बसा आणि मनगट लयीत पुढे-मागे हलवा. पावलं पडतात. तीनशेला हात जरा भरून येतो, एवढंच.

महत्त्वाकांक्षा मोठी असेल तर पदयात्रा काढा. गांधीजी १९३० मध्ये २४ दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालून दांडीला पोहोचले आणि मीठ उचललं. हल्ली इतकं चालून मिठावर कोण समाधान मानतो? आंध्रात वाय. एस. राजशेखर रेड्डी २००३ च्या उन्हाळ्यात चालले, २००४ मध्ये मुख्यमंत्री झाले. उन्हाळा निवडावा तर असा, निवडणुकीच्या अलीकडचा.

चंद्रशेखरांचा हिशोब मात्र चुकला. १९८३ च्या जानेवारीत ते कन्याकुमारीहून निघाले, चार हजारांवर किलोमीटर तुडवून दिल्लीत राजघाटावर पोहोचले, तारीख २५ जून. त्याच दिवशी कपिलच्या संघानं लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला. पंतप्रधानपद मिळायला १९९० उजाडलं, आणि तेही काही महिन्यांचं. तेव्हा पंचांग बघू नका, क्रिकेटचं वेळापत्रक बघा. त्याच १९८३ च्या मार्चमध्ये मायकेल जॅक्सन रंगमंचावर चार पावलं मागे घसरला आणि जग वेडं झालं. चार हजार किलोमीटर पुढे की चार पावलं मागे, तुमचं तुम्ही ठरवा.

इतकं चालवत नसेल तर सभात्याग आहेच. बाकापासून दारापर्यंत काय ती पायपीट, आणि बातमी पहिल्या पानावर.

नियमांची धास्ती नको. चालण्याच्या शर्यतीत एक पाय सतत जमिनीला टेकलेला दिसावा लागतो, पंच त्यावर डोळा ठेवून असतात. पदयात्रेला ही अट नाही. तिथे नेत्याभोवती दोरखंड, दोरखंडाभोवती कार्यकर्ते, आणि सगळ्यांच्या पुढे खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक घामेजलेला माणूस, जो तेवढंच अंतर उलटं चालतो. खड्डा आला की मागून कोणीतरी त्याचा पट्टा धरून ओढतो. त्याची पावलं कोणी मोजत नाही, तेव्हा तो व्हायच्या फंदात पडू नका.

सिनेमातून मात्र एक चाल जरूर उचला. मागे इमारत उडते, नायक हळूहळू आपल्याकडे चालत येतो, मान वळवत नाही. ऑफिसात स्वतः घातलेल्या घोळापासून लांब जाताना हीच चाल वापरावी. मी वापरतो. धावलात की संशय येतो.

आणि चार्जिंग तपासा, एवढं तरी ऐका. परवा सहा हजार चारशे बारावर माझं घड्याळ मेलं. घर समोरच्या वळणावर, फार तर पाचशे पावलं. दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो. मग सरळ रिक्षाला हात केला.