इंगा अरवाद हिटलरची हेर होती? मग पुरावा दाखवा

‘हिटलरच्या मर्जीतल्या डॅनिश सुंदरीने तरुण केनेडीला जाळ्यात ओढलं, नौदलाची गुपितं काढली, आणि त्याची शिक्षा म्हणून केनेडीला प्रशांत महासागरातल्या लढाईत धाडलं.’ डॅनिश पत्रकार इंगा अरवादच्या फोटोखाली हा मजकूर पुन्हा जोरात फिरतोय. यातला केनेडी म्हणजे पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला जॉन एफ. केनेडी. एका बाईची आयुष्यभर झालेली बदनामी तिच्या मृत्यूनंतरही अशी चालू राहावी, याची मला मनापासून चीड येते.

हिटलरशी ओळख होती का? होती. १९३५ साली बर्लिनमध्ये ती ‘बर्लिंग्स्के टिडेंडे’ या कोपनहेगनच्या दैनिकासाठी लिहीत होती. हिटलरचा निकटचा नाझी नेता गोरिंग नटी एमी सोनेमानशी लग्न करणार, ही बातमी तिने मिळवली, लग्नाला हजर राहिली आणि पुढे हिटलरची मुलाखतही घेतली. त्या मुलाखतीत तिने त्याच्याबद्दल गोड लिहिलंय. ते वाईटच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण पत्रकाराने भोळेपणाने केलेलं कौतुक वेगळं आणि हेरगिरी वेगळी. तिच्या म्हणण्याप्रमाणे जर्मनांनी तिला हेरगिरीचं काम देऊ केलं होतं, ते नाकारून ती बर्लिनमधून निघून गेली.

‘लग्नं आणि प्रेमप्रकरणं हा तिच्या धंद्याचा भाग होता’ अशी पुस्तीही लोक जोडतात. हे तर निव्वळ चारित्र्यहनन. सतराव्या वर्षी एका इजिप्शियन मुत्सद्द्याशी लग्न, मग घटस्फोट. दुसरा नवरा हंगेरियन दिग्दर्शक पॉल फेयोश. त्याच्या पेरूमधल्या मोहिमेला पैसा स्वीडिश उद्योगपती अ‍ॅक्सेल वेनर-ग्रेनचा होता आणि वेनर-ग्रेनचे नाझींशी संबंध असल्याचा अमेरिकेला संशय होता. मे १९४२मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तिच्यावर खास नजर ठेवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी याच संबंधाकडे बोट दाखवलं. म्हणजे नवऱ्याला पैसा कुणी दिला, यावरून बायको संशयित!

आता मुख्य आरोप, गुपितं. १९४१च्या शेवटी इंगा ‘वॉशिंग्टन टाइम्स-हेराल्ड’मध्ये सदर लिहायची. केनेडीची बहीण कॅथलीन त्याच दैनिकात होती. केनेडी स्वतः नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात कनिष्ठ अधिकारी, वय २४. दोघांचं प्रेम जमलं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला आठवडाही उलटला नव्हता, तोच हिटलरबरोबरच्या तिच्या फोटोची कुजबुज सुरू झाली. संपादक फ्रँक वॉल्ड्रॉप तिला थेट एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या कार्यालयात घेऊन गेले. त्यानंतर एफबीआयने काय करायचं बाकी ठेवलं? तिचा फोन ऐकला. तिच्यावर पाळत ठेवली. फेब्रुवारी १९४२मध्ये चार्ल्सटनच्या फोर्ट सम्टर हॉटेलात ती केनेडीला भेटली, तेव्हा खोलीतही छुपा मायक्रोफोन होता. दोन माणसांच्या अगदी खाजगी घटकांची टिपणं सरकारी कागदांवर उतरली, आणि त्यांत नौदलाचं एकही गुपित तिने काढल्याचं दिसत नाही. एवढं सगळं करूनही तिच्यावर कधी खटला भरला नाही. फाइल जाडजूड आहे म्हणून ती दोषी, असं सांगणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

बदलीची गोष्टही उलटीपालटी करून सांगितली जाते. गावगप्पा छापणारा सदरलेखक वॉल्टर विंचेल याने १२ जानेवारी १९४२ला आपल्या सदरात या प्रेमाचा गवगवा केला आणि लगेच केनेडीची बदली झाली, हे खरं. पण कुठे? चार्ल्सटनला, दक्षिण कॅरोलायनात, कार्यालयीन कामावर! तिथून समुद्रावर जायची खटपट त्याने स्वतः केली. पाठीचं दुखणं असूनही पीटी बोटींवरची, म्हणजे छोट्या वेगवान टॉर्पेडो नौकांवरची, नेमणूक मागून घेतली. ऑगस्ट १९४३मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्याची पीटी-१०९ बुडवली. त्याचा दोष इंगाच्या माथी मारणं म्हणजे त्याचं धाडसही नाकारणं.

तिने त्याला फसवलं असतं, तर पुढचं घडलंच नसतं. समुद्रावरून तो तिला पत्रं लिहीत राहिला. जानेवारी १९४४मध्ये परतल्यावर लॉस एंजेलिसमध्ये त्याने मुलाखत दिली ती इंगालाच, आणि आपल्याला वीर ठरवू नका, परत न आलेल्यांची आठवण ठेवा, असं सांगितलं. त्याचे दोन सहकारी त्या बोटीवर मरण पावले होते.

नंतर तिने काउबॉयपटांचा नट टिम मॅकॉयशी संसार थाटला. डिसेंबर १९७३मध्ये ती अ‍ॅरिझोनात वारली. आता तरी हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी एवढंच सांगावं: तिने कोणतं गुपित, कधी आणि कोणाला दिलं?