जगातला सर्वांत बलाढ्य संघ कोणता, हे पाच मिनिटांत कसं ठरवावं

जगातला सर्वांत बलाढ्य क्रिकेट संघ कोणता, या वादात तुम्ही अजून एकदाही पडला नसाल, तर तुमच्या संगतीतच काहीतरी खोट आहे. माणसं बदला. ते जमणार नसेल तर निदान हे वाचा आणि पुढच्या वेळी दोघं भांडत असतील तिथे बेधडक तिसरं तोंड घाला. मी या विषयातला दीक्षा घेतलेला माणूस आहे. २०२५ च्या ऑगस्टात, ४ तारखेला, सोमवारी दुपारी, ऑफिसच्या वेळेत मला ही दीक्षा मिळाली. गुरू दोन, दोघंही आमच्याच विभागातले. दक्षिणा काय घेतली ते पुढे येईलच.

सुरुवात करताना वाद कसोटीचा आहे, वनडेचा की ट्वेंटी-ट्वेंटीचा, हे चुकूनही ठरवायचं नाही. ते ठरलं तर वाद दहा मिनिटांत संपेल आणि मग कामाला लागावं लागेल. समोरचा म्हणाला, जून २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपदाची गदा नेली, की आपण थेट बार्बाडोसला जायचं. २०२४, ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाची आपल्याविरुद्धची फायनल, त्यांना तीस चेंडूंत तीस धावा हव्यात, सहा विकेट हातात, आणि तरी हरले. हा कसला बलाढ्य? त्यानं भारतानं जिंकलेली २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी काढली, की आपण म्हणायचं, सगळ्या मॅच एकट्या दुबईत खेळलात की! तो दुबईचा खुलासा करेपर्यंत आपण १९७५ ला पोचलेलं असायचं.

१९७५, म्हणजे वेस्ट इंडीजनं पहिला विश्वचषक नेला ते वर्ष, ही फार सुरक्षित जागा आहे. तिथून पुढे वेस्ट इंडीजला धरून बसा. १९८० नंतर थेट १९९५ पर्यंत एकही कसोटी मालिका न हरलेला संघ! त्या संघापुढे आजचा कोणताही संघ आणून उभा करायचा आणि ‘मार्शलला खेळून दाखवा म्हणावं’ असं त्यांच्या वेगवान गोलंदाजाचं नाव घेऊन म्हणायचं आणि खुर्चीत मागे रेलायचं. दोन संघांच्या मध्ये चाळीस वर्षं असली की निकाल लागायची भीती नसते. हाच वेस्ट इंडीज स्कॉटलंडकडून हरून २०२३ च्या विश्वचषकाबाहेर राहिला, हे मात्र कोणी बोललं तर ऐकू आलं नाही असं दाखवा.

आपण हरलो की पिच, ते हरले की लायकी.

न्यूझीलंडचं नाव कोणी काढलंच तर ‘चांगली माणसं आहेत बिचारी’ म्हणून विषय बदला. त्या चांगल्या माणसांनी २०२४ मध्ये आपल्या घरी येऊन तीनपैकी तीन कसोटी जिंकल्या. बेंगळुरूत सेहेचाळीसवर गुंडाळलं. त्याआधी घरच्या अठरा मालिका आपण लागोपाठ जिंकलो होतो. पण ते पिच होतं. वर सांगितलंच.

ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा एक तरी माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. तो नुसतं ‘१९ नोव्हेंबर’ म्हणतो, म्हणजे विश्वचषकाच्या फायनलमध्ये आपण त्यांच्याकडून हरलो तो दिवस. वर्ष सांगायची गरज त्याला पडत नाही, आपल्यालाही नाही. त्याच्याशी वाद घालू नका. पाणी पिऊन या.

आता ब्रह्मास्त्र. रँकिंग. दोन माणसं तावातावानं बोलत असताना तिसऱ्यानं शांतपणे ‘थांबा, रँकिंग बघू’ म्हणायचं. बघताना त्याचा चेहरा निकालपत्र वाचणाऱ्या न्यायाधीशाचा हवा. ते गुण कसे मिळतात हे ठाऊक असण्याची अट नाही. मला वाद घालता घालता ठाऊक झालं, म्हणून सांगतो. तुल्यबळ संघाला हरवलं की त्याच्या गुणांत पन्नास मिळवून तेवढे आपल्या खात्यात, हरलो की त्याच्या गुणांतून पन्नास वजा करून उरतील तेवढे, आणि मग सगळ्याची सरासरी. दर वर्षी मे महिना उजाडला की सर्वांत जुने सामने हिशेबातून गळतात आणि त्यानंतरच्या दोन वर्षांचे निम्म्या वजनाचे होतात. म्हणजे रात्री झोपताना पहिला असलेला संघ एकही चेंडू न टाकता सकाळी दुसरा होऊन उठू शकतो. याला आपण बळ मोजणं म्हणतो! आणि १५ फेब्रुवारी २०२३ आठवतं का? आयसीसीच्या साइटवर भारत कसोटीत पहिला झळकला. तिन्ही प्रकारांत पहिला! अभिनंदनाचा पाऊस पडला. काही तासांत ऑस्ट्रेलिया पुन्हा वर आणि आपण खाली, कारण काय तर तांत्रिक चूक. त्या काही तासांत आपण जगातले सर्वांत बलाढ्य होतो आणि मैदानावर कोणी साधा वॉर्म-अपही करत नव्हतं.

तर ४ ऑगस्ट. लंडनचं ओव्हल, भारत-इंग्लंड कसोटीचा पाचवा दिवस. इंग्लंडला पस्तीस धावा हव्यात, चार विकेट शिल्लक. मी मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून, आवाज बंद करून बसलोय. मागे हे दोघं उभे. एक विकेट पडली, दुसरी पडली, तिसरी पडली. सतरा हव्यात, आणि पॅव्हिलियनच्या पायऱ्या उतरून ख्रिस वोक्स येतोय. डावा हात गळ्यात बांधून स्वेटरच्या आत, बॅट उजव्या हातात. धाव घेताना तोंड वेडंवाकडं होतंय त्याचं. अ‍ॅटकिन्सननं सिराजला उचलून मारला, सीमारेषेवर आकाशदीपच्या हाताला लागून सिक्स. मी श्वास घ्यायचा विसरलोय आणि मागे चाललंय काय? ‘पण पॉंटिंगचा ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडला असं इतकं जवळ येऊच देत नसता.’ ‘कशावरून? रँकिंगमध्ये आता इंग्लंड वर की आपण?’ ‘थांब, बघू.’

आणि त्यानं माझा मोबाइल उचलला.

माझा. सिराज धावत येत असताना. मॅच खाली सारली आणि तक्ता उघडला. मी ‘अहो’ म्हणेपर्यंत पलीकडच्या अकाउंट्सच्या खोलीतून जी आरोळी आली, तिच्यावरून मला कळलं की आपण जिंकलो. सहा धावांनी. सिराजचा तो शेवटचा यॉर्कर मी नंतर हायलाइट्समध्ये पाहिला. चांगला होता. निकाल माहीत असलेला यॉर्कर जितका चांगला असू शकतो तितका.

दोघांपैकी एकानं मान वर करून विचारलं, ‘काय झालं?’ दुसरा म्हणाला, ‘पण मालिका दोन-दोनच ना? म्हणजे प्रश्न तसाच राहिला.’

हां, अजून एक टीप राहिली. या वादात बायकांचा संघ धरायचा नाही. सात विश्वचषक नेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या बायकांचं नाव मी एकदा घेतलं, तर ‘ते वेगळं’ असं उत्तर मिळालं. वेगळं म्हणजे कसं, चेंडू चौकोनी असतो का? मग त्याच वर्षी नोव्हेंबरात हरमनप्रीतच्या भारतीय संघानं विश्वचषक उचलला, तेव्हा याच गृहस्थांच्या स्टेटसवर ‘वी आर द चॅम्पियन्स’. त्याच्या तीनच दिवस आधी ह्याच पोरींनी त्याच ऑस्ट्रेलियासमोर तीनशे एकोणचाळीसचा पाठलाग केला. ती मॅच बघितलीत का हो, विचारलं. ‘स्कोअर बघितला.’

स्कोअर बघितला! तेच तर म्हणतोय मी. तुम्ही क्रिकेट बघतच नाही रे. तुम्हाला फक्त जिंकणारा कोण ते आधी कळायला हवंय, म्हणजे त्याच्या शेजारी जाऊन उभं राहता येईल. २००१ मध्ये सोळा कसोटी लागोपाठ जिंकून आलेला संघ ईडन गार्डन्सवर फॉलोऑन देऊन हरला. त्या दिवशी सर्वांत बलाढ्य कोण होता? ऑस्ट्रेलियाच होता! म्हणून तर लक्ष्मणचे दोनशे एक्क्याऐंशी अजून अंगावर येतात. तुम्ही तिथे असता तर द्रविड खेळत असताना तक्ता उघडून बसला असता. एक माणूस निखळलेला खांदा घेऊन समोर उभा आहे, दुसरा त्याच्यावर स्ट्राइक येऊ नये म्हणून जीव तोडून पळतोय, आणि तुम्हाला क्रमांक हवाय? लाज वाटत नाही?

पुढच्या वेळी मॅच शेवटच्या विकेटवर आली की माझ्या टेबलाजवळ फिरकायचं नाही. रँकिंग बघायचंय ना? स्वतःच्या मोबाइलवर बघा. जिन्यात जाऊन.