"त्या जगलेल्या चेडवाचां मगे काय झालां?"

आमच्या मालवणच्या वाचनालयात दिवाळी अंक परत आले की कुठलं पान किती वाचलं गेलंय ते हाताला कळतं. कवितांची पानं कोरी करकरीत. पोलीस तपासाच्या सत्यकथेचं पान मऊ पडलेलं, कोपऱ्यावर हळदीचं बोट. एका अंकाला तर चक्क तिरफळांचा वास येत होता. तो खानावळवाल्या काकींकडून आलेला. टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "आख्खा घर मारल्यान, तां पाच पानां लिवल्यानी. पण त्या जगलेल्या चेडवाचां मगे काय झालां, तां खंय आसा?"

मी गप्प. असल्या कथा मी काकींपेक्षा जास्त वाचतो, पण वाचलेल्या मुलीचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

जोशी-अभ्यंकर खून खटला घ्या. १९७६-७७ मध्ये पुण्यात १० जणांचे खून, २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी. त्यातल्या एकाचं, 'जक्कल' हे नाव तेव्हा न जन्मलेल्यांनाही माहीत आहे. खटला निदान मेलेल्यांच्या आडनावाने ओळखला जातो, हे त्यातल्या त्यात बरं. पण अभ्यंकरांच्या बंगल्यात जे पाच जण मारले गेले, त्यातली एक त्यांच्याकडे कामाला असलेली बाई होती. खटल्याच्या नावात ती नाही. तिच्या घरी त्या रात्री कोण वाट बघत बसलं होतं, हे मी कुठे वाचल्याचं आठवत नाही. गळे आवळायला वापरलेल्या नायलॉनच्या दोरीबद्दल मात्र मी न अडखळता बोलू शकतो. हे लिहितानाही लाज वाटतेय.

बाहेरही तेच. ट्रुमन कपोटीने कॅन्सासमधल्या क्लटर कुटुंबाच्या १९५९ च्या हत्यांवर पुस्तक लिहिलं आणि पुढे सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. घरातले चौघे गेले, थोरल्या दोन मुली तिथे राहत नव्हत्या म्हणून वाचल्या. पुस्तक चालतं ते दोघा खुन्यांच्या मागून, पार फासापर्यंत. मुली कडेलाच राहतात.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर. बाप बायकापोरांना विष घालतो, मग स्वतः घेतो, आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'कर्जाला कंटाळून कुटुंबाची सामूहिक आत्महत्या'. अहो, तीन वर्षांचं पोर कशाला कंटाळलं होतं? त्याला कर्ज म्हणजे काय ते तरी ठाऊक होतं का? तो खून आहे. 'सामूहिक' म्हटलं की जणू सगळ्यांनी ओटीवर बसून ठराव केला. २०२२ च्या जूनमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एकाच कुटुंबातले ९ जण मृत सापडले, तेव्हाही सुरुवातीला हाच शब्द सगळीकडे फिरला. आठवड्याभरात पोलिसांनी विष देऊन खून केल्याचा गुन्हा नोंदवून दोघांना अटक केली. तोवर लोकांनी त्या घराला नावं ठेवून झाली होती.

आणि कासारवडवली. फेब्रुवारी २०१६, ठाणे. एकाने स्वतःच्याच घरातल्या १४ जणांना मारलं, त्यात लहान मुलं, आणि मग गळफास घेतला. एक बहीण वाचली. तेव्हा मी चार दिवस सुरा, गुंगीचं औषध, त्याची नोकरी, त्याचं वागणं, सगळं चवीने वाचलं. (चवीने हाच शब्द बरोबर आहे.) 'का केलं' यावर तर गावभर तर्क. त्याचं उत्तर देऊ शकणारा माणूस मेला होता, तरी आम्ही त्याच्याच डोक्यात शिरायला बघत होतो.

त्या बहिणीच्या दारात कॅमेरा घेऊन जा, असं मी म्हणत नाहीये. उलट तिला कुणी शोधूच नये. पण गेलेल्या १४ जणांत शाळेत कोण जात होतं, कोण चार दिवस माहेरपणाला आलं होतं, एवढं तरी लिहिता येतं की. ते लिहायला खुन्याची मुलाखत लागत नाही.

परवा काकी परत आल्या. नवा अंक उचलला, सत्यकथा काढली आणि उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं.

"हेच्यातय नाय," म्हणाल्या, आणि पाककृतींचा विशेषांक घेऊन गेल्या.