पिंजरा नंतर बघा, आधी घरातली हवा बघा

गणपती तोंडावर आलेत म्हणून आत्ताच लिहितेय. ज्यांच्या घरी बजी, कॉकटील, लव्हबर्ड किंवा फिंच असे पाळलेले पक्षी आहेत, त्यांनी यंदा पिंजरा आरतीच्या खोलीतून हलवा. मखराशेजारी पिंजरा छान दिसतो, पोरं खूश होतात, पाहुणे फोटो काढतात, सगळं मान्य. पण त्याच खोलीत रोज दोन वेळा कापूर, धूप, उदबत्ती असते आणि बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद असतात. आपले डोळे चुरचुरले तर आपण उठून गॅलरीत जातो. पिंजऱ्यातल्या जिवाला ती सोय नाही.

पक्ष्याचा श्वास आपल्यासारखा नसतो. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेनं येते त्याच वाटेनं परत जाते. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते. श्वास घेताना आणि सोडतानाही त्याला ताजी हवा मिळते. उडायला जो प्राणवायू लागतो तो असा मिळतो. पण हवेत विष असलं तर तेही तितक्याच वेगानं रक्तात जातं, आणि बजीचं सगळं वजन ३०-४० ग्रॅम! ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी न्यायचे ते याचसाठी. विषारी वायू असला तर माणसाला कळायच्या आधी कॅनरी कोसळायचा. १९८६ पर्यंत ही पद्धत चालू होती. आपण घरात तसाच पक्षी आणून ठेवतो आणि शेजारी मच्छर कॉइल लावतो.

सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते नॉनस्टिक तव्याबद्दल. आमच्या इथे सांगलीत, विश्रामबागेत एका घरात गॅसवर रिकामा तवा राहिला, घरातली माणसं फोनवर बोलत बसली. स्वयंपाकघराला लागून असलेल्या पिंजऱ्यातले सगळे बजी थोड्या वेळात गेले. माणसांना काहीच झालं नाही, साधा ठसकाही नाही. त्यामुळे त्यांना कितीतरी दिवस वाटत होतं की कुणीतरी दाण्यात काहीतरी घातलं. तव्याचा थर साधारण २६०-२८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांची फुप्फुसं निकामी करतो. त्याला फारसा वास नसतो, धूर दिसेलच असं नाही. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत तितका तापतो. सँडविच टोस्टर, काही इस्त्र्या, एअर फ्रायर यांनाही तसाच थर असतो. माझं मत स्पष्ट आहे: घरात पक्षी असेल तर नॉनस्टिक नको. बिडाचा तवा आहे, लोखंडी कढई आहे, आपल्या आज्यांचं त्यावर काही अडलं नाही. दुकानदार पिंजरा विकतो, झोपाळा विकतो, आरसा विकतो, पण ही एक गोष्ट सांगत नाही. याचा मला खरंच राग येतो.

डासांसाठी कॉइलऐवजी पिंजऱ्यावर जुनी मच्छरदाणी टाका. धूरफवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावून घ्या आणि पिंजरा आतल्या खोलीत न्या. ताजा रंग, फिनेल, रूम स्प्रे, कपाटातल्या डांबरगोळ्या, सगळं लांब. दिवाळीत धुरासोबत आवाजही असतो. घाबरलेला पक्षी अंधारात पिंजऱ्यात धडपडतो, पंख मोडून घेतो. त्या रात्री बारीक दिवा चालू ठेवा.

दाण्याचाही श्वासाशी संबंध आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत राळं आणि सूर्यफूल, वर्षभर एवढंच. त्यात जीवनसत्त्व 'अ' जवळपास नसतं. ते कमी पडलं की नाकाची, घशाची आतली त्वचा जाड होते आणि जंतूंना वाट मिळते. रोज थोडी कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा द्या. पहिले काही दिवस खाणार नाहीत, तरी ठेवत राहा. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगा. द्राक्षं आपल्या जिल्ह्यात उदंड, पण बागेत फवारण्या किती होतात हे तासगाव-मिरजेकडच्यांना सांगायला नको. चांगली धुऊन एखादाच मणी द्या. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा अजिबात नको.

आणि पावसाळ्यातला दाणा! कृष्णाकाठच्या ओलीत डब्यातल्या दाण्यावर बुरशी धरते, कधी ती दिसतही नाही. तिचे कण फुप्फुसात गेले की जो आजार होतो तो बरा करणं फार अवघड. या दिवसांत दाणा थोडा थोडा आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कुबट वास आला तर फेकून द्या. पैशांकडे बघू नका.

पावसाळा म्हटला की आपल्याकडे पूरही आलाच, त्याबद्दल आणखी एक. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. मोठा पिंजरा बोटीत कोण घेणार? गावभागात, सांगलीवाडीत ज्यांचं घर आहे त्यांनी हाताएवढा प्रवासी पिंजरा घरात ठेवाच, सोबत आठवड्याचा कोरडा दाणा. तेवढा मांडीवर मावतो.

पक्षी आजार लपवतो. रानात जो आजारी दिसतो त्यालाच शिकारी पक्षी उचलतो, म्हणून शेवटपर्यंत धड असल्यासारखा बसतो. त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. ३५ चा ३१ झाला तर काहीतरी बिघडलंय, मग तो कितीही किलबिलाट करू दे. पिसं फुगवून बसणं, श्वासागणिक शेपूट वरखाली होणं, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणं, ही तातडीची लक्षणं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, माणसांच्या गोळ्या चुरून देऊ नका. पकडतानाही छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा, नसतं, छातीचा पिंजरा हलला तरच श्वास चालतो. लहान मुलं प्रेमानं मुठीत धरतात आणि जीव जातो. पक्षी बाहेर सोडायच्या आधी पंखा बंद, हेही मुलांना शिकवा.

देशी पोपटाबद्दल मात्र मी कुणालाच सल्ला देणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळायला बंदी आहे, मुनियाही तशाच. पंख छाटून मिरच्यांवर ठेवलेला पोपट कुठं दिसला तर वनखात्याला कळवा.

गाई-म्हशींचे डॉक्टर आपल्याकडे गावोगाव आहेत, पक्ष्यांवर हात बसलेला डॉक्टर मात्र शोधावा लागतो. सांगली, मिरज, इस्लामपूर, कऱ्हाड, कुठंही असा कुणी दवाखाना चालवत असेल, तर खाली दवाखान्याचं नाव आणि वेळ लिहा. सगळे मिळून यादी करू.