दहा मिनिटं कोण धरणार?

लिफ्टमध्ये आज सकाळी कागद लागला. निळ्या बॉलपेननं, ओळी पट्टीनं आखून: ‘कोंडा झालेल्या सभासदांनी व प्राण्यांनी कृपया जिन्याचा वापर करावा. हुकमावरून.’ हुकूम कोणाचा, ते लिहिलेलं नाही. बिल्डिंगमध्ये प्राणी एकच आहे आणि सभासदांपैकी कोणी आपणहून पुढं येऊन ‘मला झालाय हो’ म्हणणार नाही. म्हणजे चार मजल्यांचा जिना आमच्या वाट्याला.

बुक्का हा आमचा काळा लॅब्राडोर. आमचा म्हणजे मुलाचा. मुलगा नोकरीला पुण्यात गेला, तिथल्या घरमालकाला कुत्रा चालत नाही, म्हणून तो प्रतापनगरात माझ्या गळ्यात. नागपूरची जानेवारीतली हवा मुळात कोरडी, त्यात पारा दहाच्या खाली गेला की माणसांच्या टाचा फुटतात आणि बुक्काच्या पाठीवर पांढरे पापुद्रे उगवतात. पांढऱ्या कुत्र्याचा कोंडा कुत्र्यातच जिरतो. काळ्याचा चारचौघांत येतो.

तसा तो आला. पाचव्या मजल्यावरचे काका काळा ब्लेझर घालून भाच्याच्या साक्षगंधाला निघाले होते. लिफ्ट चौथ्यावर थांबली, आम्ही आत शिरलो आणि दार बंद होताच बुक्कानं नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंग झटकलं. झालं एवढंच. पण साक्षगंधात मुलीकडच्या एका आजीनं सगळ्यांसमोर पदरानं काकांचा खांदा झटकला आणि मोठ्यानं सांगितलं, “दही लावत जा भाऊ, आमच्या ह्यांनाही होता.” काकांना ते लागलं. तिथं पुरणपोळीही दोनच खाल्ल्या म्हणे.

काकांची ओळख करून द्यायला हवी. एका कार्यालयाच्या वेतन शाखेतून निवृत्त झाले. कागदावर जे छापलंय ते खरं, यावर त्यांची हयात गेली. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं नंतर जाहीर केलं. अख्ख्या शहरानं मान्य केलं, काकांनी नाही. “छप्पन होतं मॅडम. मी त्या दिवशी बाहेर होतो ना.” असा हा माणूस.

साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. हातात शाम्पूच्या पाऊचची लांबलचक माळ.

“घ्या मॅडम. हे लावा त्याले.”

“काका, हा माणसांचा आहे.”

“कोंडा मानसाचा काय अन् कुत्र्याचा काय, कोंडाच ना?”

“कुत्र्याची कातडी वेगळी असते. पातळ असते.”

“पातळ काऊन? एवढे केस आहे त्याले.”

केस आहेत म्हणूनच पातळ, हे मी समजावून पाहिलं. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात पेशींचे दहा-पंधरा पदर असतात, कुत्र्याच्या तीन ते पाच. बाकीचं काम केसांवर सोपवलेलं. शिवाय आपली कातडी आम्लाकडं झुकणारी आणि त्याची जवळजवळ उदासीन, त्यामुळं आपला शाम्पू त्याला आणखी कोरडा करतो. काकांनी हे सगळं उशिरा आलेल्या प्रवासभत्त्याच्या बिलासारखं ऐकून घेतलं: मान हलवत, नामंजूर करायचं आधीच ठरवून.

“वर काय छापून आहे पाहा. शंभर टक्के कोंडा गायब. कोनाचा, ते लिहून आहे काय? नाई.”

मी पाऊच घेतले नाहीत. माळेतले खालचे चार-पाच आधीच फाडून नेलेले होते, हे दिसलं. त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही.

डॉक्टरांकडं मी जाऊन आले. त्यांनी पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा बुक्काच्या पाठीवर दाबून उचलला, काचेवर लावला आणि संध्याकाळी सांगतो म्हणाले. वर एक वाक्य टाकलं: कधी कधी चेलेटिएला नावाची बारीक कीड असते, गोचिडीच्या जातकुळीतली. ती पापुद्र्यांखाली फिरते तेव्हा कोंडाच चालतोय असं दिसतं, म्हणून तिला चालणारा कोंडाच म्हणतात. माणसालाही लागू शकते, खाज येते, पण माणसावर फार टिकत नाही.

हे वाक्य मी पार्किंगमध्ये काकांच्या कानावर घालायला नको होतं, असं आमचे हे म्हणतात. मला तसं वाटत नाही. विचारलं, तर सांगितलं.

“चालते?” काका म्हणाले. “कोंडा चालते?”

“असला तर. अहवाल संध्याकाळी येणार आहे.”

“संध्याकाळ काऊन? पाहून घेऊ ना आत्ताच.”

ते वर गेले आणि नातीच्या प्रोजेक्टचा काळा कार्डपेपर, भिंग, टॉर्च आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आले. कागद पार्किंगमधल्या उन्हात अंथरला. मला बुक्काची पाठ त्यावर विंचरायला लावली. पापुद्रे पडले. राग याचा येतो की ही पद्धत बरोबर होती. काळ्या कागदावर कोंडा पाडून भिंगातून बघणं डॉक्टर लोकही करतात. चुकीचा माणूस बरोबर काम करू लागला की त्याला हाकलताही येत नाही.

काका गुडघ्यांवर हात टेकून कागदावर वाकले. चौकीदार आला. तो भंडाऱ्याकडचा, कामाव्यतिरिक्त कशालाही वेळ असलेला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भाजी घेऊन येत होत्या, त्याही पिशवीसकट थांबल्या.

“हाल्ला!” काका ओरडले.

“हाल्ला जी!” चौकीदार.

“काका, तुम्ही श्वास सोडून राहिले त्यावर,” मी म्हणाले.

काकांनी श्वास कोंडला. चौकीदारानंही कोंडला, उगाच. वहिनींनी पिशवी खाली ठेवून तोंडाला पदर लावला. एवढी शांतता आमच्या सोसायटीच्या सभेत कधी झाली नव्हती. कागदावर काही हललं नाही. काकांचा चेहरा लाल होऊ लागला. मी म्हटलं, काका, सोडा. त्यांनी हातानंच थांबा असं खुणावलं.

आणि कोपऱ्यातला एक चांगला मोठा पापुद्रा खरोखरच निघाला. सरळ रेषेत. कागदाच्या कडेपर्यंत गेला, क्षणभर थांबला आणि खाली उतरून पार्किंगच्या फरशीवरून भिंतीकडं चालू लागला.

काकांचा श्वास सुटला तो केवढ्यानं! उरलेला सगळा कोंडा माझ्या सलवारीवर.

“पाह्यलं? पाह्यलं ना मॅडम? आता हे सगळ्या बिल्डिंगीत जाईन!”

“मुंगी आहे काका.”

“अं?”

“खाली मुंगी आहे. घेऊन चालली.”

काकांनी भिंग लावलं. चौकीदारानं टॉर्च मारला. मुंगीच होती. वहिनींनी भाजी उचलली. काका बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पन मुंगी कशाले नेईन? म्हंजे काहीतरी आहे त्याच्यात.” हा मुद्दा त्यांनी अजून सोडलेला नाही.

संध्याकाळी अहवाल आला. कीड नाही. मॅलॅसेझिया नावाची बुरशी थोडी जास्त. ती कुत्र्यांच्या कातडीवर एरवीही नांदत असते, कातडी बिघडली की फोफावते. वय पाहता थायरॉइडही बघून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले, कारण ते मंदावलं तरी केस निस्तेज होतात आणि पापुद्रे सुटतात. बुक्काचं रक्त गेलं, पैसे गेले, थायरॉइड उत्तम निघालं. माझं स्वतःचं कधीपासून तपासायचं राहिलंय. त्याबद्दल बिल्डिंगमध्ये कोणी भिंग काढलं नाही.

आणि हेच खरं खुपतं. कुत्रा मुलाचा, नाव ह्यांनी हौसेनं ठेवलेलं, कोंडा मात्र माझा. फुटाळ्याला फिरायला नेलं तरी अनोळखी बाया थांबून म्हणतात, “काळजी घेत नाही वाटतं.” ह्यांच्या हातात पट्टा असला की त्याच बाया “किती गोड” म्हणतात. कुत्रा तोच, पाठ तीच. ह्यांच्याकडून कोणी खुलासा मागत नाही.

सल्ला मात्र सगळ्यांकडं तयार. या गावात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० पासून पशु व मत्स्य विज्ञानाच्या अख्ख्या विद्यापीठाचं मुख्यालय आहे, आणि माझ्या कुत्र्याच्या कातडीवर निकाल देतात वेतन शाखेतले काका. काकूंनी जवसाच्या चटणीची बरणी पाठवली. जवस विदर्भाच्या रक्तातच, तेल कातडीला चांगलं, हे त्यांचं म्हणणं पुरतं खोटं नाही. पण जवसात जे ओमेगा-थ्री असतं, त्यातलं फारच थोडं कुत्र्याच्या शरीरात कामाच्या रूपात बदलतं. माशाच्या तेलात ते तयार मिळतं. शिवाय चटणीत लसूण, आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. चटणी मी भाकरीबरोबर खाल्ली. छान होती. माशाच्या तेलाची बाटली आमच्या शाकाहारी घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिला गॅलरीत, वाशिंग मशीनच्या मागं जागा दिली आणि हात धुतले. बुक्का आता दिवसभर वाशिंग मशीनसमोर बसून असतो. लोकांना वाटतं, कपडे बघतोय.

काका भेटले की विचारतात, “फरक?” खालून नवी कातडी वर यायलाच कुत्र्याला तीन आठवडे लागतात, हे त्यांना सांगून झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, “फरक?”

फरक पडायचा उपाय डॉक्टरांनी दिलाय: क्लोरहेक्झिडिन आणि मायकोनॅझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा. बाटलीवर बारीक अक्षरात आहे की फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा. राहू द्यावा! लिहिणाऱ्यानं ओला लॅब्राडोर कधी पाहिला नसावा. तो बत्तीस किलोचा, फेसामुळं हातातून निसटणारा, आणि आमचं न्हाणीघर दोन माणसांनी उभं राहावं तर एकानं वळू नये एवढं. फेस चाटू द्यायचा नाही, डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. कानशिलं सोडायची नाहीत, पोटाखाली विसरायचं नाही. ह्यांना बरोब्बर त्या दहा मिनिटांत ऑफिसचा फोन असतो. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगतो, “आई, टायमर लाव.” हात कुठला लावू, टायमर लावायला?

आज आंघोळीचा वार होता. जिना उतरून, चढून, पाणी तापवून मी बुक्काला फेसात घातलं, तोच बाहेर काका. दार लोटलेलंच होतं.

“सुरू झालं काय? मी वेळ पाहतो. कितीले चालू केलं?”

“काका, लिफ्टमधला तो कागद तुम्ही लावला ना?”

“तो सोसायटीचा विषय आहे मॅडम. हा आपला घरचा. दोन मिनिटं झाले.”

“जरा आत येऊन पट्टा धरता का?”

“मी? मी वेळ पाहून राह्यलो ना.”

बुक्कानं पुढचे पाय माझ्या खांद्यांवर टाकले. नळाला पाठ घासून अर्धा फेस नळाला दिला. मी तो नळाचा काढून पुन्हा त्याला लावला. बाहेरून आकाशवाणी चालूच. चार झाले. पाच झाले. मग जरा खालच्या आवाजात:

“कशावर आहे हा शाम्पू?”

“बुरशीवर.”

“मानसाच्या डोक्यात जो कोंडा होते, ते बी बुरशीच असते काय?”

“असते. कूळ तेच, जात वेगळी.”

बाहेर बराच वेळ काही नाही. मग, “उरला तर थोडा ठेवा मॅडम. त्या पाऊचनं काही फरक नाई पडून राह्यला.”

मी थांबले. साक्षगंध, ब्लेझर, दही लावा म्हणणारी आजी, सगळं एकदा डोळ्यांसमोरून गेलं. तो ब्लेझर त्या दिवशी कोणाच्या कोंड्यानं पांढरा झाला होता, याची चिकटपट्टी कोणी लावली नव्हती.

“बाटलीवर लिहिलंय काका, फक्त प्राण्यांसाठी.”

“कोनता प्रानी, ते लिहून आहे काय?”

“आत या, पट्टा धरा. मग बोलू.”

“दहा झाले मॅडम,” काका म्हणाले आणि गेले.

झाले नव्हते.